मुलाला फ्रॅटर्निटीची बिड आली आहे. जाऊ द्यावं का?

ओहायोकर
नमस्कार मंडळी. थोरला मुलगा इथे अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारता मारता हळूच म्हणाला, "बाबा, मला एका फ्रॅटची बिड आलीय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्रॅटर्निटी किंवा फ्रॅट म्हणजे कॉलेजातल्या मुलांची, सभासद निवडून घेणारी संघटना. बहुतेकींचं राहण्याचं घर असतं. सत्राच्या सुरुवातीला 'रश' असतो. पोरं घराघरांतून फिरतात, गप्पा मारतात, फुकटचे बर्गर खातात. घरातले सभासद मग रात्री बसून कोण हवा, कोण नको ते ठरवतात. हवा असलेल्याला जे बोलावणं येतं ती बिड. ती घेतली की काही आठवडे 'प्लेज' म्हणून उमेदवारी, आणि शेवटी दीक्षाविधी. तो विधी गुप्त.

बायकोचं मत: अजिबात नाही. पोराचं मत: "तिथे सीनियर इंजिनियर्स आहेत, इंटर्नशिपला मदत होते." माझं मत अजून बनायचंय. मी मुंबईत होस्टेलवर राहिलोय, त्यामुळे चार पोरं एकत्र आली की काय होतं ते माहीत आहे. पण हे प्रकरण निराळं वाटतं. स्वतःचा किंवा मुलांचा अनुभव असेल तर लिहा. ऐकीव नको.

तिखटमीठ
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. ऐकीव नको म्हटल्यावर आंतरजालावर लिहायचं काय?

बाप्पू
आम्हा पुण्यात बसलेल्यांना फ्रॅटर्निटी म्हटलं की लाल प्लास्टिकचे पेले आणि हिरवळीवर पालथी पडलेली पोरं एवढंच दिसतं. रोजचं चालतं काय तिथे? आणि ही 'चॅप्टर' भानगड काय आहे?

ऑस्टिनचा_पंत
बाप्पू, मी टेक्सासात असताना एका देशी फ्रॅटमध्ये होतो, म्हणून लिहितो.

देशपातळीवर एक संस्था असते, तिची नावं ग्रीक अक्षरांची. तिची प्रत्येक कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर. नियमावली, विमा, विधी वरून येतात. बाकी सगळं वीस-एकवीस वर्षांची पोरं चालवतात. अध्यक्ष, खजिनदार, घराची दुरुस्ती बघणारा, नवीन पोरांना शिकवणारा, पार्टीत न पिता लक्ष ठेवणारे. थोडक्यात आपलं गणेश मंडळ, फक्त वर्षभर चालणारं आणि कार्यकर्ते तिथेच झोपणारे.

रविवारी संध्याकाळी सभा. शर्ट, टाय. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं. मग कोणी वर्गणी थकवली, कोणी भांडी तशीच टाकली, धर्मादाय कार्यक्रमाला किती जमले, यावर तास-दीड तास कडाक्याचं भांडण. मी आज कंपनीत ज्या बैठका चालवतो त्या याच्यापुढे सोप्या वाटतात. खजिनदार होतो. मित्राकडून पैसे वसूल करणं काय असतं ते तिथे शिकलो.

पार्ट्या होत्या का? होत्या. पण आठवड्याचे सात दिवस पार्टी असती तर एकही इंजिनियर झाला नसता.

वडाचीसाल
मंडळाची उपमा मान्य नाही. मंडळात वर्गणी दिली की झालं. इथे आत कोण येणार हे मतदानाने ठरतं, आणि पिढ्यानपिढ्या ते ठरवणाऱ्यांनी कोणाला बाहेर ठेवलं हा या संस्थांचा अर्धा इतिहास आहे.

पहिली ग्रीक अक्षरवाली संस्था फाय बीटा कॅपा, ५ डिसेंबर १७७६, व्हर्जिनियातलं विल्यम अँड मेरी कॉलेज. म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाल्यावर पाच महिन्यांनी. गुप्त खूण, गुप्त हस्तांदोलन, आणि चर्चा करायला जमायचं. कॉलेजात तेव्हा पाठांतर आणि प्रार्थना, मोकळेपणी वाद घालायला जागा नाही. पुढे ती गुणवंतांची मानाची संस्था झाली. आज आपण ज्याला फ्रॅट म्हणतो ती परंपरा न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात सुरू झाली: १८२५ साली कॅपा अल्फा सोसायटी, १८२७ साली आणखी दोन. मग ओहायोतल्या मायामी विद्यापीठात तीन: बीटा थीटा पाय १८३९, फाय डेल्टा थीटा १८४८, सिग्मा काय १८५५. ओहायोकर, तुमच्याच अंगणातलं आहे हे.

आणि यातल्या बऱ्याच संघटनांच्या घटनेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'गोरा' आणि 'ख्रिश्चन' हे शब्द चक्क लिहिलेले होते. ज्यूंना घेत नाहीत म्हणून ज्यूंनी आपली काढली, झीटा बीटा टाऊ, १८९८, न्यूयॉर्क. १९४८ साली ॲमहर्स्ट कॉलेजातल्या फाय कॅपा साय चॅप्टरने एका कृष्णवर्णीय मुलाला घ्यायचं ठरवलं, तर वरच्यांनी अख्खं चॅप्टर निलंबित केलं. पोरं हटली नाहीत, स्वतंत्र संस्था म्हणून चालू राहिली. ही पोरं मला आवडतात. बाकी व्यवस्था नाही.

मिशिगनमामा
वडाचीसाल (वसा) यांच्याशी सहमत, पण एक बाजू राहिली. कॉलेजवाल्यांना ही मंडळी सुरुवातीपासून डोळ्यात खुपत होती. आमच्या ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, १८४६ च्या सुमारास 'काय साय' या फ्रॅटच्या पोरांनी रानात लाकडी ओंडक्यांची खोपटी बांधली, गुपचूप बैठका घ्यायला. फ्रॅटचं स्वतःचं पहिलं घर म्हणून तिचंच नाव घेतात. प्राध्यापकांना पत्ता लागला, मोठं रणकंदन झालं आणि १८४९-५० मध्ये सभासद पोरांना विद्यापीठाने काढून टाकलं. मग गावातले लोक मुलांच्या बाजूने उठले आणि विद्यापीठालाच नमतं घ्यावं लागलं.

पुढे विद्यार्थी वाढले, वसतिगृहं पुरेनात. तेव्हा याच संस्थांनी घरं बांधून पोरांच्या राहण्याजेवण्याची सोय केली. विद्यापीठांचा खर्च वाचला. नको असलेली गोष्ट खपवून कशी घेतली जाते त्याचं उत्तर बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीत असतं.

अर्धवट
प्राध्यापकांनी काढलं आणि गावाने परत आणवलं. आमच्या कॉलेजात उलट होतं, गावच तक्रार घेऊन यायचं.

इथाकावासी
वसा, बाहेर ठेवलेल्यांची गोष्ट काढलीत म्हणून आमच्या गावची सांगतो. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

इथाकाच्या टेकडीवरचं कॉर्नेल विद्यापीठ, १९०५. मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थी. आदल्या वर्षी जे सहा होते त्यांतला एकही परत आला नव्हता. राहायला नीट जागा नाही, अभ्यासाला सोबत नाही, जुन्या परीक्षांचे पेपर दाखवणारा कोणी नाही. यांच्यातले काही जण पैशांसाठी गोऱ्यांच्या फ्रॅट घरांत जेवण वाढायचं काम करत. म्हणजे टेबलाभोवती काय चालतं, सीनियर ज्युनियरला कसा सांभाळून घेतो, ते त्यांनी हातात ताट धरून पाहिलेलं. आधी त्यांनी अभ्यासमंडळ काढलं. फ्रॅटर्निटी करायची की नाही यावर आपसांत बरेच वाद झाले. शेवटी ४ डिसेंबर १९०६ ला अल्फा फाय अल्फा उभी राहिली. संस्थापक सात. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दुसरं चॅप्टर.

त्या सातांपैकी व्हर्टनर टँडी वास्तुविशारद झाला. न्यूयॉर्क राज्यातला पहिला नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद, कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांचा हडसनकाठचा वाडा त्याचाच. युजीन किंकल जोन्स याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी नॅशनल अर्बन लीग चालवली. पुढच्या सभासदांची यादी तर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले थरगुड मार्शल, मार्टिन ल्यूथर किंग अशी आहे. वॉशिंग्टनला २०११ साली किंग यांचं जे स्मारक उघडलं, त्याची कल्पना आणि पाठपुरावा याच संस्थेचा.

आता मराठी माणसासाठी मेवा. त्याच १९०६ साली कॉर्नेलला आणखी एक विद्यार्थी येऊन दाखल झाला होता: श्रीधर व्यंकटेश केतकर. होय, ज्ञानकोशकार. १९०९ साली त्यांचं 'भारतातील जातिसंस्थेचा इतिहास' हे इंग्रजी पुस्तक निघालं ते याच इथाकातून. एकाच टेकडीवर एक जण जात कशी टिकते हे लिहितोय आणि सात जण जेवणाच्या टेबलावर जागा नाही म्हणून वेगळं टेबल मांडतायत. बर्फात खाली उतरताना मला दर वेळी हे आठवतं.

बाप्पू
काय प्रतिसाद आहे! वाचनखूण साठवली.

आता बाबासाहेबांचा उल्लेख व्हायलाच हवा. १९१३ साली कोलंबियाला गेल्यावर ते आधी विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये होते, नंतर ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात, आणि मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना यांच्यासोबत. कॉस्मोपॉलिटन क्लब म्हणजे देशोदेशीच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेलं घर. ही चळवळही त्याच काळातली ना हो इथाकावासी?

इथाकावासी
हो. कॉर्नेलचा कॉस्मोपॉलिटन क्लब १९०४ चा. ब्रीदवाक्य 'सर्व राष्ट्रांच्या वर मानवता'. ज्यांना फ्रॅट घरांत बोलावणं येणार नव्हतं अशा परदेशी मुलांना हक्काचं घर मिळालं.

कोकणकडा
अवांतर: वरती फाय बीटा कॅपाचा उल्लेख आलाय. आमच्या गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डहून १९२९ ला पदवी घेताना तिचे सभासद झाले होते. म्हणजे ग्रीक अक्षरं आपल्या माणसांना फार पूर्वीच चिकटली आहेत.

तिखटमीठ
ओहायोकर शुक्रवारपर्यंत उत्तर मागत होते, आपण त्यांना १७७६ पासून १९२९ पर्यंत आणलंय. या वेगाने पोराचं लग्न होईल.

नीरजा_डी
मी आई म्हणून लिहिते, गोड लागणार नाही.

फेब्रुवारी २०१७, पेन स्टेट विद्यापीठ, बीटा थीटा पायचं घर. बिड स्वीकारल्याची रात्र. नवीन पोरांना रांगेतून घरातच मांडलेल्या दारूच्या ठिकाणांवर एकामागून एक नेलं. टिमोथी पियाझा, वय १९, तळघराच्या जिन्यावरून पडला. त्याला उचलून सोफ्यावर ठेवलं. जवळजवळ बारा तास कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. तो गेला. आणि ते घर कागदावर दारूबंदीचं होतं! कॅमेरे लावलेले होते! त्या कॅमेऱ्यांमुळेच तर सगळं कळलं.

हे नवीनही नाही. १८७३ साली याच कॉर्नेलला मॉर्टिमर लेगेट नावाचा मुलगा कॅपा अल्फात प्रवेश घेताना दरीत पडून मेला. दीडशे वर्षं झाली, पद्धत बदलली, प्रकार तोच.

ओहायोकर, तुमच्या सौ. बरोबर आहेत.

ऑस्टिनचा_पंत
नीरजाताई, तुमच्या एकाही वाक्याशी वाद नाही. पण देशात हजारो चॅप्टर आहेत. एकाच नावाच्या दोन चॅप्टरांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. एका गावी पोरं शनिवारी गरिबांसाठी घरं बांधायला जातात, दुसरीकडे त्याच अक्षरांखाली पोलीस येतात. बघायचं ते घर, अक्षरं नव्हेत.

नीरजा_डी
पेन स्टेटच्या त्या घराकडेही बघून कोणी छानच म्हटलं असतं.

ऑस्टिनचा_पंत
हे मात्र खरं.

अर्धवट
आता माझं ऐका. पूर्वेकडच्या एका कॉलेजात मी प्लेज होतो. कॉलेज आणि संस्था, दोन्हींची नावं सांगणार नाही.

पहिले दोन आठवडे मजा. एक 'बिग ब्रदर', म्हणजे सांभाळून घेणारा सीनियर, मिळतो. माझा केमिकलचा होता, थर्मोडायनॅमिक्स त्यानेच डोक्यात घातलं. मग एका रात्री तळघरात ओळीने उभं केलं. हातात पेटती काडी. ती बोटापर्यंत पोचायच्या आत अल्फा ते ओमेगा चोवीस अक्षरं म्हणायची. अडखळलास की नवी काडी. माझी 'काय' या बाविसाव्या अक्षराच्या आसपास विझायची, कारण गडबडीत मी फुंकर मारायचो आणि मग सगळे ओरडायचे. मला त्यात गंमत वाटत होती, हे कबूल. शेजारच्या पोराच्या बोटाला फोड आला होता. तो हसत होता, पण डोळे निराळे होते.

पुढे रात्री तीनला उठवून घराची फरशी पुसायला लावणं, सीनियरांना गाडीतून आणणं-सोडणं. परीक्षेच्या आठवड्यातही. शेवटी मी सोडलं. कोणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कोणी ओळखही दाखवली नाही. ज्याच्या बोटाला फोड आला होता तो मात्र राहिला, आणि पुढच्या वर्षी काड्यांची पेटी त्याच्या हातात होती. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

बिग ब्रदरशी आजही बोलणं आहे.

पानशेतकर
हे सरळ सरळ रॅगिंग आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. प्रगत देश म्हणवणाऱ्यांना तेवढंही जमत नाही?

वडाचीसाल
तिथे गुन्हेगारी कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. लुइझियाना आणि पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली कडक केले, दोन्हीकडे आधी एकेक मुलगा गेला तेव्हा. आणि आपल्याकडे कायदा आहे म्हणून होस्टेलं स्वच्छ झाली असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

पानशेतकर
बरं.

रश्मी_बे_एरिया
मुलींच्या अशा संस्थांबद्दल, म्हणजे सोरोरिटीबद्दल, कोणी बोललंच नाही. माझी लेक एका जुन्या, मोठ्या सोरोरिटीत होती. त्यांच्या घरात दारूला परवानगीच नाही, पार्ट्या होतात त्या मुलांच्या घरी. म्हणजे खर्च, जागा, दारूचा ताबा आणि दाराशी कोणाला आत घ्यायचं हे सगळं मुलांच्या हातात. मुलगी असलेल्या आईबापांनी ही मेख लक्षात ठेवा.

बाकी तिचा अनुभव चांगला. सामायिक कपाट हा सगळ्यात मोठा फायदा म्हणाली. घरात ३२ जणी आणि काळा ड्रेस विकत घ्यायचा नाही!

देशी मुलींच्याही संस्था आहेत. डेल्टा फाय ओमेगा १९९८ ला ह्यूस्टन विद्यापीठात निघाली, मुलांची डेल्टा एप्सिलॉन साय त्याच वर्षी ऑस्टिनला. त्याआधी १९९४ ला बिंगहॅम्टनला आयोटा नू डेल्टा.

तिखटमीठ
माझा पहिला प्रश्न अजून अनुत्तरित आहे. जेवण?

(आधीच्या प्रतिसादांत विचारला नव्हता, हे मान्य. पण मनात पहिला तोच होता.)

ऑस्टिनचा_पंत
मोठ्या जुन्या घरांत पगारी आचारी असतो, सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी दुपारी तो गेला की रविवारपर्यंत उरलंसुरलं आणि पिझ्झा. आमचं देशी चॅप्टर होतं, घर नव्हतं, भाड्याचा फ्लॅट होता. कुकरची शिट्टी वाजली की पाच सभासद उगवायचे. सभेला नसायचे.

मिशिगनमामा
ओहायोकर, एक कामाची गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत कॅम्पसवरच्या छळाविरुद्ध केंद्रीय कायदा झालाय. कोणत्या संस्थेने काय केलं, चौकशी कधी झाली, शिक्षा काय दिली, हा अहवाल विद्यापीठाला आपल्या संकेतस्थळावर टाकावा लागतो आणि वर्षातून दोनदा ताजा करावा लागतो. मुलाला सांगा, आधी त्यात ते चॅप्टर शोध. नाव नाही म्हणजे निर्मळ असं नव्हे. पण नाव असेल तर मग बोलायलाच नको.

आणि घरात शिरल्यावर भिंती बघ म्हणावं. प्रत्येक वर्षाच्या सभासदांच्या छोट्या छोट्या फोटोंची एक मोठी चौकट असते, जिन्यात ओळीने लावलेली. १९५० ची बघ, १९८० ची बघ, गेल्या वर्षीची बघ. चेहरे कसे बदलले ते दिसेल. मधलीच काही वर्षं गायब असतील तर विचार, तेव्हा चॅप्टर बंद का पडलं होतं.

अर्धवट
मी त्यात भर घालतो. गेल्या दोन वर्षांत प्लेज होऊन सोडून गेलेल्या एखाद्या पोराला गाठायचं. आत राहिलेले सगळे छानच सांगतात.

ओहायोकर
सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. केतकरांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली, "वा! आणि तरीही नाही."

काल मुलगा आणि मी तासभर बोललो. अहवालात त्या चॅप्टरचं नाव नाही. भिंतीवर १९९६ ते २००१ च्या चौकटी नाहीत. त्याने अध्यक्षालाच विचारलं. दारू आणि एक पोरगा हॉस्पिटलात, म्हणून तेव्हा राष्ट्रीय संस्थेने सनद काढून घेतली होती, असं अध्यक्षाने सरळ सांगितलं. लपवलं नाही हे मला बरं वाटलं, बायकोला नाही. सोडून गेलेला एक जण भेटला. तो म्हणाला की त्रास काही झाला नाही, वर्गणी परवडेना म्हणून सोडलं.

मुलाला मी तीन गोष्टी सांगितल्या. कोणालाही उचलून सोफ्यावर ठेवायची वेळ आली तर आधी ९११ ला फोन. रात्री तीनला कोणी उठवलं तर मला फोन, ओरडणार नाही. आणि उद्या काड्यांची पेटी तुझ्या हातात आली तर काय करशील ते आजच ठरव. तिसऱ्यावर तो बराच वेळ गप्प होता.

त्याने बिड घेतली.

नीरजा_डी
काळजी घ्या. दर आठवड्याला फोन करा, मेसेज नको. आवाजावरून कळतं.

वडाचीसाल
पहिल्या सभेत त्याला विचारायला सांगा की नवा सभासद घेताना मतदान कसं होतं आणि एका माणसाच्या नकाराने कोणी बाहेर राहतो का.

ओहायोकर
विचारलं त्याने आधीच. आता तीन-चतुर्थांश मतं लागतात.

एक व्यावहारिक शंका राहिली: पुढच्या वर्षी घरात राहायला गेला तर करार बारा महिन्यांचा असतो की नऊ? उन्हाळ्यात तो घरी येणार आहे, तेव्हाचं भाडं उगाच कशाला भरू?

ऑस्टिनचा_पंत
घराघरावर आहे. बहुतेक ठिकाणी घर माजी सभासदांच्या मंडळाच्या मालकीचं असतं, करार त्यांच्याशीच होतो. सही करायच्या आधी वाचा. मध्येच घर सोडलं तर उरलेलं भाडं कोणी भरायचं ते कलम शोधा, तिथेच लोक अडकतात. माजी खजिनदार म्हणून सांगतो, आम्ही सोडत नाही.